रमाबाईंचा भरवसा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे फार मोठे लिहिणे मला साधणार नाही. परंतु एक गोष्ट पुष्कळ दिवस मनात आहे, ती मांडते. संकट आले की आपण सगळ्याजणी म्हणतो, "देव पाठीशी आहे, तो पार पाडील." मी ख्रिस्ती घरातली. आमच्या प्रार्थनेत हेच असते, आणि शेगावच्या वारीला पायी जाणाऱ्या माझ्या शेजारणींच्या तोंडीही हेच असते. मग देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके करायचे काय? हात जोडून बसायचे, की आणखी काही? याचा उलगडा मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडला.

रमाबाई म्हटले की आपल्याकडे कोणाला बाबासाहेबांची रमाई आठवते, कोणाला न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई. या रमाबाई तिसऱ्या. माहेरचे नाव डोंगरे. जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये अशा त्या काळात त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकविले, आणि आईने रमाबाईंना शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. बारा वर्षांच्या वयात भागवताचे अठरा हजार श्लोक या मुलीला पाठ होते.

अशात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, मग दागिने, भांडी, कपडे विकले. अनुष्ठाने व दाने यांत उरलेसुरलेही गेले, असे रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. मी येथे कोणाच्या श्रद्धेला नावे ठेवीत नाही. अनंतशास्त्र्यांचा विश्वास खराच होता. परंतु त्या घरात कोणालाही अंगमेहनतीचे काम येत नव्हते, आणि विद्वान घराण्याने मजुरी करणे कमीपणाचे वाटे. शेवटी वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा रमाबाईंचे बंधू श्रीनिवास म्हणाले की मी अभिमान सोडतो, चाकरी करतो, पण तुम्हाला जाऊ देणार नाही. हा निर्णय फार उशिरा झाला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई व थोरली बहीणही गेली.

बहीणभाऊ पायी फिरत उत्तरेपर्यंत गेले. रानातली बोरे कठीण बियांसकट खाल्ली. पांघरूण नव्हते, म्हणून थंडीच्या रात्री झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून, तोंड तेवढे उघडे ठेवून, वाळू अंगावर घेऊन झोपले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे भोगले. म्हणून पुढची हकीकत वाचताना हा खड्डा लक्षात ठेवावा.

मधली वर्षे थोडक्यात सांगते. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न झाले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. पदरी तान्ही मुलगी. तरी त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. १८८३ मध्ये विलायतेस गेल्या व तेथे ख्रिस्ती झाल्या. नंतर अमेरिकेस जाऊन तेथील लोकांकडून विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळविले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले.

आता मुख्य गोष्ट. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव येथे माळरान विकत घेतले, विहिरी खणल्या व फळझाडे लावली. फळे विकून सदनाचा खर्च भागावा, हा हिशेब. त्या काळात त्यांनी जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले होते. या गृहस्थांनी इंग्लंडात ब्रिस्टल शहरी, कोणाच्या दारी पैसा न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुले सांभाळली. रमाबाईंच्या मनाने तीच वाट धरली. १८९६ साली लोणावळ्याच्या प्रार्थनासभेत त्यांच्याबरोबर पंधरा मुली होत्या. पंधराच्या पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस, मुली पुढच्या वर्षापर्यंत मिळाव्यात अशी प्रार्थना त्यांनी तेथे केली.

त्याच वर्षी, आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मध्यप्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. हाती पैसा नव्हता. पण भुकेचे दिवस त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून त्या स्वतः तेथे गेल्या, आणि झाडाखाली व अन्नछत्रांत बेवारस पडलेल्या मुली व तरुण विधवा गाडीने घेऊन आल्या. सुमारे तीनशे आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग असल्याने इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या त्या माळावर तंबू व गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढे 'मुक्ति सदन' झाले. फळबागेसाठी खणलेल्या विहिरींनी आता या मुलींची तहान भागविली.

१९०० सालच्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या व मुक्तीत जवळजवळ दोन हजार जीव झाले. त्या उन्हाळ्याविषयी असे सांगतात की सायंकाळपर्यंत विहिरींचे पाणी उपसून संपे आणि सकाळी पुन्हा पाझरलेले असे, दिवसापुरते. कोणी याला चमत्कार म्हणो, कोणी झरा म्हणो. मला एवढे दिसते की विहीर खणलेली होती, म्हणून झिरपले ते भरायला जागा होती.

त्या मुलींना रमाबाईंनी नुसते जेवायला घातले नाही. विणकाम, शिवण, तेलाची घाणी, गाईम्हशी, शेती, छापखाना, सगळे शिकविले. आंधळ्यांसाठी बर्तिमी सदन होते, आणि मनोरमाबाई त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीति सदन. जे हात आपल्या आईवडिलांच्या घरी रिकामे राहिले, ते या मुलींचे राहू नयेत, हीच त्यामागे कळकळ असली पाहिजे.

१९०० चा तो दुष्काळ आपल्या वऱ्हाडानेही सोसला. खामगाव तर कापसाची मोठी पेठ, १८७० पासून रेल्वे आलेली. तरी पीक बुडाले की मजुराला काम नाही, आणि काम नाही तर महागलेले धान्य घेणार कशाने? रेल्वे असूनही माणसे मेली ती यामुळे. अकोला, खामगाव, बुलढाणा या भागात काम करणाऱ्या अमेरिकन अलायन्स मिशनने तेव्हा अनाथ मुले सांभाळली. आमच्या घरात सांगत आले आहेत की आमची एक पणजी त्यांतलीच. तिचे माहेरचे नाव, गाव, जात कोणाला माहीत नाही. रस्त्याच्या कडेला सापडली, एवढेच. ती वाचली म्हणून आम्ही आहोत.

यावर काहीजणी म्हणतात की भाकरी दिली आणि धर्म घेतला. हा आक्षेप जुना आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात मोठे वादळ झाले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनी सल्लागार म्हणून असलेला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उपाशी पोराला निवड करता येत नाही, हे खरेच आहे, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी रस्त्याच्या कडेला माझ्या पणजीजवळ दुसरे कोणी थांबले नव्हते, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही गोष्टी मी मनात ठेवते.

आमच्या गल्लीतील एका वहिनींचे यजमान कर्जापायी गेले. त्या मला म्हणाल्या, "ताई, देवाने माझेच घर का पाहिले नाही?" मला उत्तर देता आले नाही. रमाबाईंनाही देवाने दुःखातून वगळले नव्हते. आईवडील, बहीण, भाऊ, पती गेले, आणि १९२१ साली, सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा ती चाळीस वर्षांची मनोरमाही गेली. तरी त्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. खेड्यातल्या साध्या बाईला समजावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर त्या कित्येक वर्षे करीत होत्या. ते त्यांनी अखेरच्या दिवसांपर्यंत चालविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापलेले ते बायबल १९२४ मध्ये पुरे झाले. मुक्ति मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

तेव्हा भगिनींनो, भरवसा म्हणजे दुःख येणार नाही अशी हमी नव्हे. दुःख आले तरी उद्याची विहीर आज खणायला घ्यायची, पाणी देणारा देईल, असा तो भरवसा. माझी आई बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्षांची होती. सकाळी प्रार्थना म्हणून ती खडी फोडायला जाई, आणि सुकडी मिळे ती धाकट्यांना आणी. तिने रमाबाईंचे नावही ऐकले नव्हते, पण वागणे तेच.

त्या वहिनी आता मंडळाच्या शिलाई वर्गाला येतात. त्यांचे पहिले परकर-पोलके शिवून झाले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी शिलाई यंत्र पडून असेल त्यांनी ते वर्गाला द्यावे, आणि ज्यांना शिवण येते त्यांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी, एवढी विनंती.