डोंगरातली लेणी, कपाटातली वही

कळंब नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. धाराशिव जिल्ह्यात एक आहे, यवतमाळात एक आहे. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते कळंब रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातले, नेरळच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले. पावसाळ्यात भातखाचरांनी भरून जाणाऱ्या या मुलखातून कशेळ्याच्या बाजूने पेठच्या किल्ल्याकडे, म्हणजे कोथळीगडाकडे निघाले की पायथ्याशी आंबिवली लागते. गावापासून थोड्या अंतरावर, नदीच्या काठच्या बुटक्या टेकाडात एक जुने बौद्ध लेणे कोरलेले आहे. किल्ल्याकडे धावणाऱ्या पावलांना त्याची आठवण क्वचितच होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र तेथे गेलो होतो. दोरी ताणून मापे घेतली, ओसरीतील खांबांचा कच्चा आराखडा काढला, सारे एका वहीत उतरवले आणि वही घरी आणून कपाटात ठेवली. पुढे दुसरी काही मंडळी त्याच लेण्यात जाऊन आली, तेव्हा पहिल्यापासून दोरी ताणण्याचे काम त्यांना पुन्हा करावे लागले. आमची वही त्यांना ठाऊकच नव्हती. तेव्हा आम्हांस प्रथम जाणवले की, नोंद करणे हे अर्धेच काम असते. नोंद दुसऱ्याच्या हाती पोहोचत नाही तोवर ती झालीच नाही असे समजावे.

ही जाणीव आपल्या वाचकांना परकी वाटू नये. आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याची नोंदवही जपून ठेवलेली असते. पणजोबांचे नाव, त्यांच्या आईबापांची नावे आणि गाव त्या पानांमुळेच आपल्याला कळतात. ते पान वाळवीने खाल्ले तर एक घराणे मुके होते. डोंगरातील लेण्यांचेही तसेच आहे. आणि या बाबतीत आपल्या कोकणाच्या इतिहासात लाभाची व हानीची, दोन्ही उदाहरणे आहेत.

हानीचे उदाहरण प्रथम सांगितले पाहिजे, कारण त्यात ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा हात होता. 1534 मध्ये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. त्यानंतर घारापुरीच्या लेण्याच्या दारावरील कोरीव लेख असलेली शिळा काढून पोर्तुगालला राजा तिसरा जुआंव याच्याकडे पाठवण्यात आली. ती वाचू शकेल असा कोणी तेथे सापडला नाही, आणि पुढे शिळाच नाहीशी झाली. ही हकिगत लिहून ठेवली पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कूतो याने. घारापुरीचे ते भव्य लेणे कोणी आणि केव्हा कोरवले याविषयी विद्वान आजही तर्क करतात. उत्तर कदाचित त्या शिळेवर होते. शिळा हलवताना कोणी तिची नक्कल करून ठेवली असती तर? ती नक्कल झाली नाही, एवढेच आज आपल्या हाती उरले आहे.

याच कूतोने आणखी एक कथा नोंदवली आहे. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चर्च केले होते. त्यांच्यापैकी फादर आंतोनियो दो पोर्तो यांनी ऐकले की, कान्हेरीच्या डोंगराखालून एक भुयार पार खंबायतपर्यंत जाते. तेव्हा ते एक सोबती धर्मगुरू आणि वीसेक माणसे घेऊन, दोर व शिधा बरोबर बांधून आत शिरले, सात दिवस चालले आणि शेवट न लागल्यामुळे परत फिरले, असे कूतो सांगतो. आपल्या भागातील हौशी गुहाशोधकांची मोजदाद करायची झाली तर आरंभ या धाडसी फादरांपासून करावा लागेल! पण त्या वर्णनात ना माप आहे, ना दिशा, ना नकाशा. म्हणून साडेचारशे वर्षांनंतर तिची गणना आख्यायिकेतच होते. धाडस पुष्कळ होते, नोंद मात्र अपुरी राहिली.

आता लाभाचे उदाहरण पाहू. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या विद्वानांना लेण्यांची पद्धतशीर यादी करण्याची निकड वाटू लागली. 1848 मध्ये त्यासाठी एक मंडळ नेमले गेले आणि स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी तोवर ज्ञात असलेल्या लेण्यांचे टिपण 1850 मध्ये प्रसिद्ध केले. आपली माहिती अपुरी आहे हे मान्य करून ती लोकांपुढे ठेवायची, म्हणजे इतरांना तीत भर घालता येते, ही रीत त्या काळी नवी होती. फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेण्यांवरील मोठा इंग्रजी ग्रंथ 1880 मध्ये निघाला तो अशा अनेक हातांच्या टिपणांवर उभा राहून.

त्या कामात आपल्या कर्जतचे कोंढाणे लेणेही आले. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात हे लेणे आहे. चैत्यगृहाची लांबी सुमारे 66 फूट, रुंदी सुमारे 26 फूट. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूस एका भग्न मूर्तीचे शिर असून त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असा तिचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने एका ओळीत आपले आणि आपल्या गुरूचे नाव ठेवले, म्हणून आज आपण त्याला नावाने ओळखतो. कोंढाण्याकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वेधले ते विष्णुशास्त्री या मराठी पंडिताने. त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ ते पाहून आले. परंतु शास्त्रीबुवांना रानातून वाट दाखवणारा कोण होता? ठाकर, कातकरी की कोळी? त्याचे नाव कोणीच लिहिले नाही. आपण ज्याला ‘शोध’ म्हणतो ती पुष्कळदा गावाला ठाऊक असलेली गोष्ट गावाबाहेर पोहोचल्याची वार्ता असते.

कर्जत आणि खालापूरच्या लेण्यांची माहिती शोधू पाहणाऱ्या हौशी मंडळींना येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. जुने सरकारी गॅझेटियर उघडताना बहुतेक जण कुलाबा जिल्ह्याचा खंड घेतात, कारण रायगडचे जुने नाव कुलाबा. त्यात कोंढाणे किंवा आंबिवली सापडत नाही आणि मंडळी निराश होतात. गॅझेटियर निघाले तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. 1891 मध्ये ते कुलाब्याला जोडले गेले. म्हणून 1882 च्या ठाणे खंडातील स्थळवर्णनाचा भाग पाहावा. आंबिवलीचे वर्णन तेथे आहे: 42 फूट लांब व 39 फूट रुंद दालन, तीन बाजूंना मिळून बारा खोल्या, भिंतीलगत दगडी बाक आणि खांबांची ओसरी. शोधताना नावाचाही घोळ लक्षात ठेवावा, कारण आंबिवली नावाचे एक स्थानक कल्याणपुढे आहे.

राज्यांच्या सीमांनीही काही नोंदी अडवल्या. खालापूरच्या दक्षिणेला, आजच्या सुधागड तालुक्यात ठाणाळे आणि नेणवली येथे मोठे लेणीसमूह आहेत. हा भाग तेव्हा भोर संस्थानात होता. त्यामुळे इंग्रजी मुलखाच्या पाहणीतून तो निसटला आणि 1880 च्या ग्रंथात आला नाही. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी त्यांविषयी लिहिले आणि 1891 मध्ये ते लेखन प्रसिद्ध झाले. हेच अ‍ॅबट पुढे एकनाथ, तुकाराम आणि महिपती यांच्या वाङ्मयाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ख्याती पावले. ते पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते. त्यांनी पाहिले ते लिहिले, लिहिले ते छापले. आणि त्याच वर्षी हेन्री कझिन्स यांचे मापे व आराखड्यांसह सविस्तर वर्णन बाहेर आले. हौशी माणूस आणि अभ्यासक यांनी एकमेकांना हात दिला की काम असे पुढे सरकते. जुन्या लेखनात याच लेण्यांना नाडसूर आणि कर्संबळे म्हटले आहे, हे माहीत नसेल तर वाचक एकच ठिकाण दोनदा शोधत बसेल.

हीच परंपरा आजही चालू आहे. 2019 मध्ये पुण्याच्या काही दुर्गभटक्यांना लोहगडाच्या कड्यातील एका गुहेत ब्राह्मी लेख दिसला. त्यांनी तो आपल्यापुरता ठेवला नाही, जाणकारांना दाखवला. अरिहंतांना वंदन करणारा तो जैन लेख आहे आणि जवळच्या पाले येथील लेखाशी त्याचे नाते आहे, असे त्यातून कळले. परदेशातही गुहांचा अभ्यास हौशी माणसांनीच वाढवला. फ्रान्समध्ये एदुआर मार्तेल हा व्यवसायाने वकील, पण त्याने 1895 मध्ये गुहाशोधकांची संस्था स्थापिली आणि तिचे नियतकालिक चालवले.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. ठिकाण सर्वांना कळले की दगडांवर बदाम आणि नावे कोरणारे येतात, धनाच्या आशेने जमीन उकरणारे येतात, दारूच्या बाटल्या येतात. मग गुप्तता बरी नव्हे का? आमचे मत असे की, वाट आणि वस्तू यांत भेद करावा. एखाद्या नाजूक जागेची वाट चारचौघांत न सांगणे समजण्याजोगे आहे. परंतु माप, छायाचित्र, अक्षरांचा ठसा, गावकऱ्यांनी सांगितलेले नाव आणि सांगणाऱ्याचे नाव यांची प्रत त्या गावाच्या शाळेत, पुरातत्त्व खात्याकडे आणि एखाद्या ग्रंथालयात असलीच पाहिजे. झिजणाऱ्या खांबावरचे अक्षर गुप्ततेने वाचत नाही. आणि जे गाव आपले लेणे ओळखते, त्या गावाइतका चांगला राखणदार सरकारलाही मिळत नाही.

कर्जतच्याच डोंगरात ढाकच्या कड्यावर बहिरीची गुहा आहे. ठाकर लोकांचे ते दैवत. त्या गुहेतील पाण्याच्या टाक्यात गावकऱ्यांनी स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. येणाऱ्याने ती काढून घ्यावी, अन्न शिजवावे, घासून स्वच्छ करावी आणि पुढच्यासाठी परत ठेवावी, असा तेथला नेम. ती भांडी घरी नेण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आमची आंबिवलीची वही आम्ही आता कपाटातून काढली आहे. तिच्या तीन प्रती करून पहिली आंबिवलीच्या शाळेत देण्याचे ठरवले आहे. ढाकच्या टाक्यातल्या भांड्यांप्रमाणे तीही कोणीतरी काढावी, वापरावी, आमच्या चुका घासूनपुसून दुरुस्त कराव्या आणि पुढच्यासाठी पुन्हा जागेवर ठेवावी.