सरड्याची धाव समुद्रापार

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्राण्यांच्या प्रसाराचे नकाशे पाहताना आपणही नकळत असेच काहीसे गृहीत धरतो. प्राणी जिथे सापडला तिथवर तो आपल्या पायांनी पोचला असणार आणि वाटेत समुद्र आला की तेच त्याचे कुंपण. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातल्या चकवाला नावाच्या सरड्याचा इतिहास मात्र आपल्याला जरा थांबून विचार करायला लावतो.

आधी या सरड्याची ओळख करून घेऊ. हा इग्वाना कुळातला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, नेवाडा, यूटा व ॲरिझोना या राज्यांच्या रखरखीत भागांत आणि मेक्सिकोच्या सोनोरा व बाहा कॅलिफोर्निया प्रदेशांत तो आढळतो. पण सगळीकडे नाही. जिथे उघडे खडक आणि त्यांत भेगा असतील, तिथेच. मुख्य भूमीवरचा चकवाला शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर लांब असतो. अंग चपटे व रुंद, शेपटी जाड आणि बोथट, मानेवर व कुशीवर सैल कातडीच्या वळ्या. सकाळी खडकावर ऊन खात तो शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो आणि मग पाने, फुले खायला निघतो.

सैल कातडीचे कारण संकटाच्या वेळी कळते. चाहूल लागताच चकवाला भेगेत शिरतो आणि फुफ्फुसांत हवा भरून टम्म फुगतो. अंग दोन्ही बाजूंच्या दगडांवर इतके घट्ट दाबले जाते की, त्याला ओढून काढणे अवघड होते. वाळवंटातल्या आदिवासींनी यावर तोड काढली होती. ते टोकदार काठीने त्याला भोसकत. हवा निघून गेली की, तो बाहेर ओढता येई. ‘चकवाला’ हे नावही तिथल्या आदिवासी भाषांतूनच आले आहे.

प्रयोगशाळेत हा प्राणी पोचला तो १८५६ मध्ये. पॅरिसच्या ऑग्युस्त द्युमेरील यांनी त्याला सॉरोमॅलस एटर, म्हणजे ‘काळा चपटा सरडा’ असे नाव दिले. १८५८ मध्ये अमेरिकेच्या स्पेन्सर बेअर्ड यांनी दुसऱ्या नमुन्याला ‘लठ्ठ’ या अर्थाचे ओबेसस हे नाव दिले. पुढे कॅलिफोर्नियाच्या आखातातील बेटांवरून नमुने येऊ लागले. एंजेल दे ला ग्वार्दा बेटावरच्या काटेरी खवल्यांच्या सरड्याला लिओनार्ड स्टेनेगर यांनी १८९१ मध्ये हिस्पिडस म्हटले. सान एस्तेबान बेटावरच्या पिवळ्या-काळ्या ठिपक्यांच्या सरड्याला मेरी डिकरसन यांनी १९१९ मध्ये व्हेरियस, म्हणजे चित्रविचित्र, असे नाव दिले. हा सरडा सुमारे दोन फूट लांब, जणू चकवालांमधला राक्षसच.

रंग बदलला की नाव नवे, बेट बदलले की नाव नवे, असे बराच काळ चालले. पण रंग फसवा असतो. ॲरिझोनात फीनिक्सजवळच्या साउथ माउंटनवर नरांची शेपटी गाजरासारखी केशरी असते, तरीही ती वेगळी जात नव्हे. १९९८ मध्ये ब्रॅडफर्ड हॉलिंग्सवर्थ यांनी यांपैकी अनेक नावे एकाच जातीत विलीन केली आणि जुने म्हणून १८५६ चे नाव टिकले. बेटांवरचे राक्षस मात्र वेगळेच राहिले. १९९७ मध्ये पेट्रेन आणि केस यांनी डीएनएच्या आधारे निष्कर्ष काढला की, त्यांचा मोठा आकार लहान पूर्वजांपासून विकसित झाला.

तरीही एक कोडे उरतेच. सोनोराच्या किनाऱ्याजवळ अल्कात्राझ नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या चकवालांमध्ये हिस्पिडस, व्हेरियस आणि मुख्य भूमीवरची जात अशा तिघांचे मिश्रण दिसते. दूरदूरच्या बेटांवरचे हे सरडे एकाच छोट्या बेटावर आले कसे?

याचे उत्तर सेरी लोकांकडे बोट दाखवते. हे आखातातले दर्यावर्दी लोक वेताच्या होड्यांतून बेटाबेटांवर फिरत आणि चकवाला खात. हा सरडा उपाशीपोटीही बराच काळ तग धरतो. म्हणजे जिवंत शिदोरीच. ती त्यांनी वाटेतल्या बेटावर सोडली असावी, असे संशोधक मानतात. सान एस्तेबानवर राहणाऱ्या काटेरी शेपटीच्या इग्वानाविषयी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सेरींची पिढीजात माहिती आणि डीएनएची साक्ष एकमेकींशी जुळली.

यात आम्हा संशोधकांसाठी एक धडा आहे. बाटलीतल्या नमुन्यावर आम्ही ठिकाण आणि तारीख लिहितो. पण त्या ठिकाणचे लोक काय सांगतात, ते लिहून ठेवायचे बरेचदा राहून जाते. सेरींना हे ठाऊक होते. त्यांना विचारायला मात्र आम्हाला उशीर झाला. आज व्हेरियस ही दुर्मीळ जात आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. तिला वाचवायचे तर कोणते बेट तिचे मूळ घर आणि कोणते माणसाने दिलेले, हे माहीत असायलाच हवे.

वर्गात प्राण्यांच्या प्रसाराचा नकाशा लावाल, तेव्हा ‘हा प्राणी इथे का आहे?’ या नेहमीच्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडून पाहा : ‘तो इथे स्वतः आला, की कुणी आणला?’