घाऊक इतिहास

शाळेत आम्हांला इतिहास शिकवला तो राजांचा. कोणता किल्ला कुणी कधी घेतला हे घोकून पाठ. पण त्या किल्ल्यावरच्या शिबंदीला ज्वारी काय भावाने पडत होती, आणि कोठीवाला मापात किती मारत होता, हे एकाही मास्तरांनी सांगितले नाही. मी पडलो बी.कॉम., त्यातून बँकेतला कारकून. पानिपतात 1761 साली काय चुकले असे विचारले की इतिहासाची प्राध्यापक मंडळी मुत्सद्देगिरीवर घसरतात. मला आधी रसद आठवते. पीठ संपले की मुत्सद्दी तरी काय करणार?

तेव्हा वाचकहो, आजचा हा इतिहास पिठाचा, साखरेचा आणि लोण्याचा आहे. त्यात एकही राजा नाही. लढाई आहे, पण ती वाण्याशी.

या लढाईची मला ठाऊक असलेली सर्वांत झकास तारीख आहे 21 डिसेंबर 1844. स्थळ, इंग्लंडातले रॉचडेल गाव, टोड लेन नावाची गल्ली. म्हणजे मराठीत बेडूक गल्ली म्हणा! गाव विणकरांचे. मजुरी तुटपुंजी, संप फसलेला, आणि वाण्याकडे प्रत्येकाची उधारी. आता उधारीतल्या गिऱ्हाइकाला वाणी कसला माल देतो, हे काय मी तुम्हांला सांगायला हवे? त्या काळच्या इंग्लंडात पिठात तुरटी, साखरेत वाळू आणि चहात वापरून वाळवलेली पाने असा सगळा कारभार होता. तक्रार केली तर वाणी म्हणणार, "आधी मागची बाकी टाक."

या गावातल्या अठ्ठावीस जणांनी, काही विणकर तर काही इतर कारागीर, ठरवले, की आपण आपलेच दुकान काढायचे. दर डोई एक पौंड भांडवल. पण एक पौंड आणायचा कुठून? तर आठवड्याला दोन पेनी, पुढे तीन पेनी, अशी वर्गणी. आमच्या बँकेत रिकरिंग डिपॉझिटचे हप्ते थकवणारे सुखवस्तू खातेदार मी रोज पाहतो, म्हणून या मंडळींपुढे माझे हात आपोआप जोडले जातात. जमले अठ्ठावीस पौंड. त्यातून भाडे आणि डागडुजी वजा जाता माल भरला तो असा : 28 पौंड लोणी, 56 पौंड साखर, सहा हंड्रेडवेट पीठ (म्हणजे आपले तीन क्विंटल), ओटच्या पिठाचे एक पोते आणि थोड्या चरबीच्या मेणबत्त्या. झाले दुकान! सुरुवातीला ते आठवड्यातून दोनच संध्याकाळी उघडे असे. गॅस कंपनीने यांच्याकडे बघून दिव्यांना गॅस द्यायला नकार दिला, म्हणून विकायला आणलेल्या मेणबत्त्यांतल्याच काही गल्ल्यावर लावाव्या लागल्या. आमच्या मॅनेजरसाहेबांनी असल्या दुकानाला कर्ज मंजूर केले असते का? अर्ज हातात धरायलाही चिमटा मागवला असता.

पण नियम पाहा. माल चोख. माप पुरे. व्यवहार रोखीचा, उधारी बंद. सभासदाला एकच मत, मग त्याचे भांडवल किती का असेना. आणि नफा झाला तर ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात त्याला परत. ही शेवटची युक्ती वाचून मी अकाउंटन्सीच्या वहीत एकदा चक्क टाळी दिली आहे. नफा हा मुळात गिऱ्हाइकाकडून जास्त घेतलेला पैसा. तो ज्याचा त्याला परत. नोंद किती सोपी! जगभरच्या सहकारी भांडारांची वंशावळ या बेडूक गल्लीपाशी येऊन थांबते.

हे सगळे मला आठवले ते न्यू जर्सीत, मावसभावाच्या गॅरेजात उभा असताना. अमेरिकेत गॅरेज हे मोटारीसाठी असते असा माझा समज होता. तिथे मोटार बाहेर पावसात उभी होती आणि आत तांदूळ होता. वहिनी कॉस्टकोच्या सभासद. कॉस्टको म्हणजे दुकान म्हणायचे, पण आकार विमानाच्या हँगरएवढा, आणि दारात कार्ड दाखवल्याखेरीज प्रवेश नाही. वर्षाची वर्गणी 65 डॉलर. "म्हणजे दुकानात शिरायचे पैसे?" आमच्या हिने विचारले. तिच्या स्वरात असा काही दुखवटा होता, की आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याने दारात तिकीटखिडकी उघडली आहे.

वहिनींनी यादी दाखवली. लोणी, साखर, मैदा, ओट्स. मी म्हटले, "वहिनी, ही तर 1844 ची यादी आहे. मेणबत्त्या तेवढ्या राहिल्या."

"त्या वाढदिवसाच्या घरात आहेत," वहिनी म्हणाल्या.

आता रॉचडेलपासून या हँगरापर्यंतच्या वाटेवर एक गृहस्थ भेटतात, त्यांचे नाव सोल प्राइस. माणसाचे आडनावच 'किंमत', मग तो दुसरे काय करणार? जन्म 1916 चा, धंदा वकिलीचा. सान डिएगो शहरात सासरच्या मालकीची एक रिकामी वखार होती. रिकामी वखार आणि रिकामा जावई एके जागी आले की काहीतरी घडतेच. 1954 साली तिथे त्याने 'फेडमार्ट' काढले. सभासदत्व दोन डॉलर, आणि ते मुख्यत्वे सरकारी नोकरांना. (सरकारी नोकराला स्वस्त माल कुठे मिळतो हे बरोबर कळते, हा नियम सर्व देशांत सारखा आहे.) पहिल्या दिवसांत तिथे गाद्या उतरवायला लागलेला जिम सिनेगल नावाचा एक पोऱ्या होता. त्याला ध्यानात ठेवा, तो पुढे येणार आहे.

फेडमार्ट वाढले. पुढे प्राइसने त्यातला मोठा हिस्सा एका जर्मन व्यापाऱ्याला विकला, आणि 1975 साली नव्या मालकाने प्राइसलाच बाहेर काढले. वय एकोणसाठ. आमच्याकडे या वयाला माणूस पी.एफ.चे व्याज मोजतो. या गड्याने 12 जुलै 1976 ला विमानांच्या एका जुन्या कारखान्यात 'प्राइस क्लब' उघडला. वर्गणी 25 डॉलर, गिऱ्हाईक फक्त छोटे दुकानदार आणि हॉटेलवाले. कल्पना अशी, की लहान व्यापाऱ्यालाही घाऊक भाव मिळावा. पण छोटे व्यापारी काही पुरेसे येईनात. पहिल्याच वर्षी साडेसात लाख डॉलर खोट! मग पतपेढ्यांच्या सभासदांनाही दार उघडले. पतपेढीचा सभासद म्हणजे पगारदार, पगारदार म्हणजे बुडवणार नाही, असा त्यातला हिशेब. पतपेढीने कुणाचे भले केल्याचे इतिहासात आणखीही दाखले असतील, पण हा मला विशेष प्रिय आहे.

प्राइसचे डोके कसे चालायचे पाहा. यंत्रात घालायच्या तेलाच्या लहान-मोठ्या दोन-तीन बाटल्या इतर दुकानांत असत. हा फक्त आठ औंसाचा मोठा डबा ठेवी. लहान हवी असलेला गिऱ्हाईक परत गेला तर जाऊ द्या. एकच आकार ठेवल्याने जागा, माणसे आणि हिशेब यांत जे वाचते ते त्याहून जास्त. विक्री सोडून देण्यातही शहाणपण असते हे सांगणारा दुकानदार मी दुसरा ऐकलेला नाही. आजही या दुकानांत सुमारे चार हजार जिनसा असतात. तिथल्या साध्या मोठ्या दुकानात तीस हजारांच्या घरात. टूथपेस्टपुढे उभे राहून तुम्हांला जीवनाचा विचार करावा लागत नाही.

1983 साली आपला तो गादीवाला सिनेगल आणि जेफ्री ब्रॉटमन नावाचा वकील यांनी सिअॅटलला कॉस्टको काढले. त्याच वर्षी सॅम वॉल्टनने 'सॅम्स क्लब' काढले, आणि प्राइसच्या कल्पना आपण उचलल्या हे त्याने मोकळेपणाने लिहूनही ठेवले. 1993 ला प्राइस क्लब आणि कॉस्टको एक झाले. 1995 पासून 'कर्कलंड' हा घरचा छाप आला. आणि मुख्य कलम : शंभराला घेतलेला माल ढोबळमानाने एकशेचौदाच्या वर विकायचा नाही, घरच्या छापाचा असेल तर एकशेपंधरा. मग खातात काय? तर आपली वर्गणी! दुकानाच्या धंद्यातल्या नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग या वर्गणीतून निघतो.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी वहिनींच्या फ्रीजवरच्या पॅडवर गणित मांडले. मालात दहा टक्के वाचत असतील, तर 65 डॉलर वसूल व्हायला वर्षाला 650 ची खरेदी हवी. ती तर नुसत्या दुधा-अंड्यांत होते. 130 वाले भारी कार्ड घेतले तर खरेदीचे दोन टक्के परत मिळतात. वरचे 65 भरून यायला वर्षाला 3250 ची खरेदी, म्हणजे महिन्याला सुमारे 271. भाऊ म्हणाला, "आम्ही त्याहून जास्त करतो." हे तो अभिमानाने सांगत होता, याची नोंद करतो. दोन टक्के मिळवण्यासाठी शंभर टक्के खर्चणारे खातेदार बँकेतही पुष्कळ येतात.

मग काय घ्यावे? वहिनींचा या विषयात अधिकार मोठा. पांढरा तांदूळ घ्यावा, वीस पौंडांचे पोते. कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. हातसडीचा घेऊ नये, कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यांत खवट होतो. गव्हाच्या सबंध पिठाचेही तेच. साखर-मीठ बिनघोर. बदाम घ्यावेत, पण आक्रोड घेतले तर थेट फ्रीझरात. मसाल्यांचे बरणीएवढे डबे मुळीच नको, अर्धा डबा होईतो वास उडून जातो. आणि सर्वांत फायद्याचे म्हणजे चार पौंडांचे बिनमिठाचे लोणी, कढवून तूप करायला. तिथल्या लोण्यात ऐंशी टक्के स्निग्धांश असतोच असा कायदा आहे, म्हणजे चार पौंडांतून तीन पौंडांवर तूप सुटते. वहिनींच्या स्वयंपाकघरात रविवारी जो कढल्या लोण्याचा वास सुटला, त्याला न्यू जर्सी म्हणणे अवघड होते. तूरडाळ मात्र देशी दुकानातच. कॉस्टकोला हॉट डॉग कळतो, वरण कळत नाही. (हॉट डॉग आणि पेय मिळून दीड डॉलर, 1985 पासून आजतागायत तोच भाव! वाढवायचे नाव काढणाऱ्या वारसाला सिनेगलने जिवे मारण्याची धमकी दिली होती, असे तो वारसच सांगतो.)

जोखीम एकच. साखर आणायला गेलेला माणूस टीव्ही घेऊन येतो. दारातच टीव्ही, साखर पार मागे. भावाच्या गॅरेजात तांदळाच्या पोत्यांवर एक वल्हवायची होडी उपडी घातलेली आहे. जवळची नदी कुठे, असे मी विचारले नाही. या कंपनीकडे बाळाच्या लंगोटांपासून शवपेटीपर्यंत सगळे मिळते, तेव्हा सभासदत्व तसे आजन्मच म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, यात आपले काय? आपले बरेच आहे. मुंबईत नायगावला 1948 साली कामगारांनी 'अपना बाजार'ची सुरुवात केली, ती थेट बेडूक गल्लीची वारसदार. आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. पुण्याच्या ग्राहक पंचायतीचे बिंदुमाधव जोशी आणि बाबूजी, म्हणजे गायक-संगीतकार सुधीर फडके, हे या चळवळीतले. पंचायतीने तर दुकानच ठेवले नाही. शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, मागणी आणि पैसे आधी, माल महिन्याला एकदा एका घरी येणार, आणि वाटप आपण आपले करायचे. ना गल्ला, ना काऊंटर, ना दारात टीव्ही! सोल प्राइसने जिनसा कमी केल्या. आमच्या आयांनी दुकान कमी केले.

लहानपणी आमच्या चाळीत असा संघ होता. वाटप आमच्या खोलीत असले की आई मला जिन्यात बसवी. आत डाळींचा, गुळाचा, साबणाचा एकत्र वास. आणि पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू मापाच्या बाबतीत एवढ्या कडक, की स्वतःच्या पिशवीतून शेंगदाण्याचे चार दाणे परत टाकताना मी त्यांना पाहिले आहे. सरकारने असा वजनमापे निरीक्षक नेमला असता तर त्याची बदली झाली असती. त्या संघात एक विधवा मावशी होत्या, घरोघर पोळ्या लाटणाऱ्या. महिन्याचे पैसे एकदम आधी भरणे त्यांना जमत नसे. त्यांची निम्मी रक्कम काकू भरायच्या आणि मावशी आठवड्याला थोडी थोडी फेडायच्या. वहीत त्यांच्या नावापुढे 'बाकी' असे कधी लिहिले नव्हते. तिथे एक टिंब असायचे.

ते टिंब आम्हांला बी.कॉम.ला शिकवले नाही. घाऊक मालाची खरी वर्गणी 65 डॉलर नसतेच. महिन्याचे पैसे आज हातात असणे ही ती वर्गणी. आमच्या शाखेत झाडलोट करायला येणाऱ्या बाई रोज संध्याकाळी छोट्या पुडीतले तेल नेतात. मी एकदा त्यांच्यासमोर पाच लिटरच्या डब्याशी त्या भावाचा हिशेब मांडला. "ठाऊक आहे, साहेब," त्या म्हणाल्या, "डबा घेते, पण तो पुरेस्तोवर बाकीचं काय घेऊ?"

त्यांचे रिकरिंग खाते आमच्याच शाखेत आहे. हप्ता शंभर रुपयांचा, अजून एकदाही चुकलेला नाही. मुदत दिवाळीला पुरी होते. परवा पासबुक भरून देताना मी तारीख वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "तेव्हा डबाच घेणार आहे. आमच्या गल्लीत आणखी चौघी आहेत, त्याही भरताहेत. तराजू तेवढा कुणाचा आणायचा ते ठरायचंय."

मी काकूंचे नाव सुचवले आहे.