फॉर्मवर नाव कुणाचं?

मंडळी, आजची गोष्ट ब्रिटनमधल्या बायकांच्या पेन्शनची. पण तिचा धागा मुलांच्या भत्त्यापर्यंत जातो, म्हणून दोन्ही एकत्र बघू.

ब्रिटनची सरकारी पेन्शन राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यांवर ठरते. मग घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईने हप्ता भरायचा कुठून? १९४२च्या बेव्हरिज अहवालाचं उत्तर होतं, नवऱ्याच्या विम्यातून. १९४८मध्ये ही योजना लागू झाली. नोकरी करणाऱ्या विवाहितेलाही कमी हप्ता निवडायची मुभा होती. मात्र त्यातून तिची स्वतःची पेन्शन उभी राहत नसे. नवऱ्याच्या खात्यावर मूळ पेन्शनच्या फार तर ६० टक्के तिला मिळत.

कुटुंब भत्त्याचा कायदा १९४५चा. दुसऱ्या मुलापासून पुढे, प्रत्येकी आठवड्याला ५ शिलिंग. मूळ मसुद्यात ही रक्कम वडिलांच्या नावे होती! खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी जोरदार विरोध केला, तेव्हा ती आईच्या नावे झाली. आईच्या हाती पैसा आला खरा, पण तिच्या म्हातारपणाशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो जोडला गेला १९७८मध्ये. ज्या आईच्या नावे 'चाइल्ड बेनिफिट' येतं, तिला पूर्ण पेन्शनसाठी लागणारी वर्षं कमी करायची, असा नियम आला. २०१०पासून तर अशा वर्षांची थेट नोंद होऊ लागली, मूल १२ वर्षांचं होईपर्यंत. मुलं वाढवणं हेही काम आहे, हे सरकारने पहिल्यांदा हिशेबात धरलं.

पण ग्यानबाची मेख इथेच आहे. हक्क मूल सांभाळण्याचा, आणि पुरावा मात्र फॉर्मचा! २०००च्या आधीच्या अनेक अर्जांवर विमा क्रमांकच नव्हता. त्यामुळे कित्येक बायकांची वर्षं नोंदीत आलीच नाहीत. त्या दुरुस्त करण्यासाठी सरकारने २०२३मध्ये पत्रं पाठवायला सुरुवात केली. पत्र हाती पडेपर्यंत त्यातल्या अनेकजणी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

दुसरा घोळ २०१३चा. आईवडिलांपैकी एकाचंही उत्पन्न ५०,००० पौंडांवर गेलं, की भत्ता कराच्या रूपाने परत जाऊ लागला, आणि ६०,०००ला सगळाच. "परतच द्यायचा, तर अर्ज कशाला?" असं म्हणून कित्येक घरांनी अर्जच केला नाही. कमावणाऱ्या नवऱ्याचं काही बिघडलं नाही, त्याचे हप्ते चालूच होते. वर्ष बुडालं ते घरी असलेल्या बायकोचं. नव्या नियमांत पूर्ण पेन्शनला ३५ वर्षं लागतात. त्यात पाच बुडाली आणि भरून निघाली नाहीत, तर सातवा हिस्सा गेला, तोही आयुष्यभरासाठी.

तुमची लेक किंवा सून तिकडे स्थायिक असेल आणि भत्त्याला पात्र असेल, तर तिला एवढंच सांगा: पैसे नको असले तरी अर्ज भर. 'रक्कम नको' असा पर्याय त्यात असतो. आणि नोकरी सोडून घरी तू असशील, तर अर्ज तुझ्याच नावाने कर.

रॅथबोनबाई भांडल्या होत्या त्या 'पैसे कुणाच्या हातात' यासाठी. आज तोच प्रश्न 'नाव कुणाचं' असा झालाय.