ओळख आणि अधिकार

जुन्या वाड्याच्या देवडीवरचा पहारेकरी येणाऱ्याला ओळखून आंत सोडीत असे. पण आंत आलेल्या प्रत्येकाच्या हातीं जामदारखान्याची किल्ली कोणी देत नसे. ओळख पटणें निराळें आणि अधिकार असणें निराळें, हें वाड्यांत कोणाला शिकवावें लागलें नाहीं. संगणकाच्या जगाला मात्र तें वारंवार ठेच लागून शिकावें लागलें.

अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकच संगणक एकाच वेळीं अनेकांना वापरतां येईल अशी योजना करून दाखविली. तिचें नांव सी. टी. एस. एस. यंत्र एक आणि धनी अनेक. मग एकाचे कागद दुसऱ्यापासून राखावयाचे कसे? म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यांत आला. १९६२ मध्यें ॲलन शेर या तरुण संशोधकाला आपल्या वाट्याचा वेळ अपुरा पडूं लागला. फाइलीची छापील प्रत मागविण्याची सोय तेथें होती. त्यानें छिद्रित कार्डावरून मागणी केली ती थेट परवलीच्या शब्दांच्या फाइलीचीच, आणि यंत्रानें ती निमूटपणें छापून दिली! ही हकीकत पुढें त्यानेंच सांगितली आहे.

१९६६ मध्यें तर दोन व्यवस्थापक दोन निरनिराळ्या फाइली एकाच वेळीं दुरुस्त करीत असतां त्यांची अदलाबदल झाली, आणि यंत्रापुढें बसणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले.

या गोष्टी सांगून परवलीच्या शब्दाला बोल लावण्याची रीत आहे. मला ती पटत नाहीं. दुसरा प्रसंग अपघाताचा म्हणूं. पण पहिल्यांत दोष परवलीच्या शब्दाचा नव्हता. ही फाइल मागण्याचा मागणाऱ्याला अधिकार आहे काय, हें यंत्रानें विचारलेंच नाहीं. याच संस्थेंत सुरू झालेल्या मल्टिक्स या पुढच्या योजनेंत प्रत्येक फाइल कोणी वाचावी व कोणी बदलावी याची यादी फाइलीसच जोडलेली असे.

वेब आली तेव्हां निराळी अडचण उभी राहिली. तिची संभाषणाची रीत मोठी विसराळू. पान मागितलें, मिळालें, कीं मागणारा कोण होता याची आठवण उरत नाहीं. १९९४ मध्यें नेटस्केप कंपनींतील लू माँटुली यांनीं कुकी नांवाची खूण योजिली, आणि एकदां पटलेली ओळख टिकविण्याचें कामही पुढें तिच्याकडे आलें. तरी ती सांगणार फक्त येणारा कोण तें. गंमत अशी कीं, वेबच्या नियमांत ४०१ या उत्तराचें नांव ‘अनधिकृत’ असें ठेविलें आहे. त्याचा खरा अर्थ ओळख पटली नाहीं, एवढाच. अधिकार नाहीं हें सांगावयाला ४०३ हा वेगळा आंकडा आहे.

हा घोळ नांवापुरताच असता तर हंसून सोडून दिला असता. पण आपल्या खात्यांत रीतसर शिरलेल्या माणसानें पत्त्यांतील बिलाचा क्रमांक बदलावा आणि शेजाऱ्याचें बिल त्याच्यापुढें उघडावें, असें घडूं शकतें. कारण बिल कोणाचें, हें सर्व्हरनें पाहिलेलेंच नसतें. वेबच्या सुरक्षिततेसाठीं काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या धोक्यांच्या यादींत अधिकाराच्या तपासणींतील ही ढिलाई पांचवी होती. २०२१ च्या यादींत ती पहिली आली.