निनावी शब्द आणि नावानिशी दिलेले उत्तर

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा-भिटोनी ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गाने १८७० साली मुंबई आणि कलकत्ता ही दोन महानगरे जबलपुरापाशी प्रथम जोडली गेली. गाडीबरोबर टपाल आले, वर्तमानपत्रे आली. १८७९ च्या जुलैत पोस्टकार्ड निघाले, आणि एका पैशात कोणालाही काहीही लिहून पाठविता येऊ लागले. मजकूर वाटेत दहा जणांनी वाचावा, पण लिहिणाऱ्याचे नाव कोणास कळू नये, अशीही सोय त्यात होती. आज शहपुऱ्याहून जबलपूरच्या कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातातील मोबाइलने ती सोय सहस्रपट वाढविली आहे.

नाव झाकता आले की माणसाची जीभ सैल सुटते, हा अनुभव जुनाच आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी बंगालमधील सेरामपूर कॉलेजात भाषणास उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. वैद्यकी शिकण्यासाठी आपण अमेरिकेस का जातो, हे त्यांना सांगावयाचे होते. मुंबईत शाळेत जाताना लोक भोवती जमून हसत, व्हरांड्यात बसलेली प्रतिष्ठित माणसे टोमणे मारीत, खडे फेकीत, दुकानदार थुंकत, हे सारे त्यांनी भर सभेत सांगितले. त्या काळी गर्दी हाच बुरखा होता. आज तो खोट्या नावाच्या खात्याचा असतो. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात वैद्यकीची पदवी मिळविली. खडे फेकणाऱ्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाने जपून ठेवलेले नाही.

कायद्यानेही निनावीपणातील क्रौर्य लवकर ओळखले होते. १८६० च्या दंडसंहितेत निनावी धमकीस मूळ शिक्षेखेरीज आणखी दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. स्त्रीचा पाठलाग करणे, तिच्या ई-मेलवर वा इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे, हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे.

परंतु श्रोतेहो, प्रत्येक कडू शब्द हा गुन्हा नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनापायी अटक झाली. ज्या कलमाच्या आधारे असे घडू शकले, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. टीका सहन करावी लागते. धमकी, पाठलाग आणि अब्रूवरील घाला मात्र सहन करण्याचे कारण नाही. हा विवेक ज्याला साधला, त्याला कायद्याचा आधार नीट घेता येतो.

पीडित विद्यार्थिनीचा पहिला कल संदेश पुसून टाकण्याकडे असतो. पूर्वी घरोघरी निनावी पत्रे अशीच चुलीत जात. पत्र जळे, पण त्यातील विष मनात राही, आणि पुरावा मात्र नाहीसा होई. म्हणून संदेश, तारीख, खात्याचे नाव, पडद्याचे छायाचित्र आधी जपून ठेवावे. मगच ते खाते बंद करावे. उलट शिवी देऊ नये. आईवडील, प्राध्यापक वा विश्वासू मैत्रीण, यांपैकी कोणाला तरी त्याच दिवशी सांगावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करता येते. गुन्हा कोणत्याही गावी घडलेला असो, जवळच्या पोलीस ठाण्यात गंभीर गुन्ह्याची खबर नोंदविण्याची तरतूदही नव्या फौजदारी प्रक्रियेत आहे; अपराधी दूरच्या शहरात आहे म्हणून शहपुऱ्यातून रिकाम्या हाताने परतण्याचे कारण नाही.

घरच्यांवरही एक जबाबदारी येते. मुलीने सांगताच तिचा मोबाइल काढून घेणे वा कॉलेज बंद करणे म्हणजे खडे फेकणाऱ्यास जे हवे, ते आपल्या हाताने त्याला देणे होय. आनंदीबाईंनी आपला छळ सांगितला, तेव्हा ऐकावयास सभा होती. आजच्या मुलीला निदान एक ऐकणारे घर तरी मिळाले पाहिजे.