मिल्ट्रीचे ट्रक: लिलावातला भाव आणि नंतरचा खर्च

गिरड परिसरातल्या आपल्या गटांच्या बैठकीत एक विषय सारखा निघतो, गटाच्या स्वतःच्या गाडीचा. कापूस, सोयाबीन हिंगणघाटच्या बाजारात न्यायचे तर भाड्यातच बराच पैसा जातो. मग कुणीतरी म्हणते, "लिलावातली जुनी गाडी घेऊ, स्वस्तात पडेल." म्हणून आज आम्ही लिलावातल्या गाड्यांचा इतिहास सांगतो.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. ब्रह्मदेशच्या लढाईसाठी भारतात आणलेले फोर्ड, शेव्हरोले, जीएमसी असे ट्रक इथेच उरले. १९४६ मध्ये अमेरिकेने आपला इथला उरलेला साठा भारत सरकारकडे सोपवला आणि सरकारने तो विकायला काढला. लोक त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत.

हे ट्रक दणकट होते. अनेकांच्या पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळे, त्यामुळे चिखलातून, जंगलातून ओझे ओढता येई. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बंडी रुतते, तिथे या गोष्टीचे मोल कळते. पण इंजिन पेट्रोलवर चाले आणि पेट्रोल भरपूर पिई. सुटे भाग परदेशी. एक गाडी चालू ठेवायला दुसरी खोलून तिचे भाग काढायचे, अशी वेळ येई.

सरकारलाही हाच अनुभव आला. आपला वर्धा जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. या प्रांताच्या उत्तर भागातली कास गवताने व्यापलेली जमीन मोडायला केंद्र सरकारने ट्रॅक्टर संघटना उभारली. सुरुवात अमेरिकन सैन्याच्या जुन्या ट्रॅक्टरांनी झाली. पुढे नवी यंत्रे घ्यावी लागली आणि त्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज काढले.

नंतर जबलपूरला लष्करासाठी शक्तिमान ट्रक बनू लागले. त्यांचे उत्पादन १९९६ साली थांबले. गाडी बनणे थांबले की तिचे भाग मिळणेही हळूहळू अवघड होते.

आता तर १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या भंगारात काढण्याचा नियम आहे. म्हणजे लिलावात मिळालेली प्रत्येक गाडी रस्त्यावर चालवता येईलच असे नाही.

तेव्हा बोली लावण्याआधी बैठकीत चार गोष्टी लिहून काढा. आरटीओत या गाडीची नोंदणी होईल का? सुटे भाग कुठे मिळतील? दुरुस्ती करणारा मिस्त्री जवळ आहे का? हंगाम नसताना गाडीला काम काय? चारही उत्तरे मिळाली तरच गटाची बचत त्यात घाला. गाडी दारात बंद पडून राहिली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.